आधी येऊन गेलेल्या मॅडम

होळी होऊन गेली होती. कंधारच्या किल्ल्याभोवतालचं गवत वाळून पार पांढरं पडलं होतं आणि पंचायत समितीच्या आवारात सकाळपासूनच ऊन येऊन उभं राहत होतं. गटशिक्षणाधिकारी मंजुश्री बिरादार त्या दिवशी दौऱ्यावर निघाली तेव्हा दुपार होत आली होती. जिल्ह्याची ऑनलाइन बैठक नेहमीसारखीच लांबली होती. आधी आधार जोडणीवरून बोलणी झाली, मग तांदळाच्या साठ्यावरून, मग पुन्हा आधार जोडणीवरून. तिनं लॅपटॉप मिटला, पर्समध्ये डोकेदुखीची गोळी आहे ना ते पाहिलं आणि महांतेशला गाडी काढायला सांगितली.

मंजुश्री उदगीरची. वडलांचं किराणा दुकान, घरात आईचं बोलणं कानडी आणि वडलांचं मराठी. आधी शिक्षिका, मग विस्तार अधिकारी, मग परीक्षा देऊन या खुर्चीवर आलेली. नवरा लातूरला कॉलेजात शिकवायचा. ही कंधारला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी लातूरची बस पकडायची. तालुक्यातल्या कुठल्या शाळेचं छत गळतं, कुठल्या गुरुजीला बदली हवी, कुठल्या गावात खिचडीवरून भांडण पेटलंय, सगळं तिच्या डोक्यात असायचं. भुताखेतांच्या गोष्टी कुणी काढल्या तर ती हसायचीसुद्धा नाही. असल्या गोष्टींसाठी तिला वेळच नव्हता.

काम साधं होतं. धोंडमाळ नावाच्या डोंगरातल्या वाडीवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती. पोरं फार थोडी उरलेली. ती शाळा बंद करून पोरं ओढ्यापलीकडच्या जांभळगावच्या शाळेत घालावीत का, यावर तिनं प्रत्यक्ष पाहून अभिप्राय द्यायचा होता. खरं तर तिच्या मनात तो ठरल्यातच जमा होता. जांभळगावला चार वर्ग आहेत, शिक्षक आहेत, पोरांना पोरांची सोबत मिळेल. नकाशावर अंतरही काही फार नव्हतं.

महांतेश देगलूरकडचा, चाळिशीचा, मोजकं बोलणारा ड्रायव्हर. डांबरी रस्ता सुटला तशी गाडी दगडांवरून डुलायला लागली. दोन्ही बाजूंना पळस असा फुलला होता की डोळ्यांना त्रास व्हावा. वाटेत माणूस नाही, जनावर नाही. काचा खाली केल्या तर आत येणारा वारा भट्टीपुढून आल्यासारखा.

"पहिल्यांदाच यायलाव ना मॅडम, या वाडीवर?" महांतेशनं विचारलं.

"हाव. आधी कधी जमलंच नाही."

शाळा वाडीच्या वरच्या अंगाला होती. दोन खोल्या, पुढं पडवी, बाजूला स्वयंपाकाची शेड. गाडी थांबली तशी खिचडीचा वास आला. आवाज मात्र कसलाच नव्हता. दुपारच्या सुट्टीत शाळा अशी गप्प असत नाही.

पडवीतून शिक्षक बाहेर आले. वैजनाथ सर, तिशीतला सडसडीत माणूस, नांदेडच्या बैठकीत एकदोनदा दिसलेला. ते पायऱ्या उतरून आले, गाडीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. हात जोडायचंही त्यांना सुचलं नाही.

"मॅडम... काही राहिलं का?"

"काय राहिलं?"

"नाही, म्हणजे... परत आलात म्हणून विचारलो."

"परत कुठं? आत्ताच येतेय मी."

वैजनाथ सरांनी महांतेशकडं बघितलं, जणू त्यानं काहीतरी खुलासा करावा. महांतेशनं खांदे उडवले.

"मॅडम, तुम्ही आत्ता तर गेलात," सर हळू आवाजात म्हणाले. "परिपाठाला आलात. पोरांना शिकवलंत. पोरांसंगं बसून जेवलात. मी तुम्हाला खाली चिंचेपर्यंत सोडून आलो, त्याला पाव तास झाला नसंल."

मंजुश्रीला वाटलं, या माणसाला ऊन लागलं असावं. किंवा कुणीतरी तोतया बाई येऊन फसवून गेली असेल. असे प्रकार होतात. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी सकाळपासून कंधारला बैठकीत होते. कोण आलं होतं? नाव सांगितलं का?"

"नाव कशाला विचारू मॅडम? तुम्हीच होतात."

शेडमधून खिचडी शिजवणाऱ्या पारूबाई पदराला हात पुशीत आल्या. म्हाताऱ्या, काटक. त्यांनी मंजुश्रीला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"सुकली की वो साडी तुमची," त्या म्हणाल्या. "इतक्यात कशी सुकली?"

"साडीला काय झालं होतं?"

"गुडघ्यापस्तोर वली हुती. हीच हिरवी. म्या म्हणलं बाई, चुलीम्होरं बसा, वाळंल. तर न्हाई म्हणलाव. तिखट खिचडी मागून दोनदा घेतलीव."

मंजुश्री तिखट खात नव्हती. पोटाचा त्रास सुरू झाल्यापासून तिनं मिरची सोडली होती. पण हे सांगून काय उपयोग, असं तिला वाटलं आणि ती नुसतीच वर्गाकडं निघाली.

वर्गात पोरं जागेवर बसलेली होती. तिला पाहून उठली, "नमस्ते मॅडम" म्हणाली आणि पुन्हा बसली. नवीन साहेब आले की पोरांच्या डोळ्यांत जी भीड असते ती त्यांच्या डोळ्यांत नव्हती. ओळखीचं माणूस पुन्हा आल्यावर बघतात तशी ती बघत होती. टेबलाजवळच्या शहाबादी फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. बाहेर इतकं ऊन, वरून पत्रा तापलेला, तरी ते ठसे वाळले नव्हते. आणि वास होता. नव्या पुराच्या पाण्याला येतो तसा, गढूळ, कुजक्या पाल्याचा. मार्चमध्ये.

"आत्ता मॅडमनी काय शिकवलं रे तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाज नेहमीचा ठेवायचा तिनं प्रयत्न केला.

पहिल्या रांगेतली तनुजा नावाची मुलगी उभी राहिली. "गाणं शिकवलाव."

"कुठलं? म्हण बरं."

ती मुलगी म्हणायला लागली आणि बाकीच्यांनी तिच्या आवाजात आवाज मिसळला. त्यांना न कळणाऱ्या कानडीतले शब्द, पण चाल पक्की.

"हळ्ळक्क नीर बंदद, मंजी... हळ्ळ दाटब्याड, मंजी..."

मंजुश्रीनं टेबलाचा काठ धरला.

ओढ्याला पाणी आलंय, मंजी. ओढा ओलांडू नको, मंजी. हे गाणं कुठल्या पुस्तकात नव्हतं. लहानपणी तिची वेणी घालताना ती चुळबुळ करायची, तेव्हा आई हे मनानंच जुळवून म्हणायची. तिला मंजी म्हणणारं आईशिवाय कुणी नव्हतं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवऱ्यालासुद्धा तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"पुरे," ती म्हणाली. ती वर्गाबाहेर आली.

बाहेर पडवीत वैजनाथ सर खाली मान घालून उभे होते. "मॅडम, तुम्ही अजून एक बोललात. म्हणालात, ही शाळा बंद होणार नाही, मी शब्द देते. पोरांच्या आया आल्या होत्या, त्यांच्यासमोर बोललात. त्या रडल्या हो. आता ते... ते खरं समजायचं का नाही?"

रागवावं की माफी मागावी, हेच तिला कळत नव्हतं. जो शब्द आपण दिलाच नाही तो आपल्याच तोंडून दिला गेला, असं कुणाला आणि कसं सांगायचं?

"आली कुठून ती बाई? गाडीनं?"

"पायी. खालून, ओढ्याच्या वाटेनं. मी विचारलो, साडी कशानं भिजली. तर म्हणालात, ओढ्याला पाणी हाय. मॅडम, ओढा तर संक्रांतीपासून कोरडा पडलाय. मी तसं बोललो तर तुम्ही नुसतं हसलात."

"चला, दाखवा मला ओढा."

"नका जाऊ बाई," पारूबाई शेडच्या दारातून म्हणाल्या आणि भांडं घासायला वाकल्या.

वाट उतरणीची होती. एक चिंच, मग पळस, मग करवंदीच्या जाळ्या. वाटेवरच्या धुळीत चपलेचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. दोन्ही ओले. धूळ त्या जागी काळपट दिसत होती. मंजुश्री त्यांच्या शेजारून चालत होती, त्यांच्यावर पाय पडू न देता.

ओढा रुंद होता आणि ठणठणीत कोरडा. पांढरी वाळू, मधून मोठाले धोंडे. पलीकडच्या काठावर जांभळगावची वाट वर चढत गेलेली दिसत होती. शाळा बंद झाली तर पोरांनी रोज याच वाटेनं जायचं होतं. नकाशावर हा ओढा केसाएवढी निळी रेघ होता.

वैजनाथ सर काठावरच थांबले. मंजुश्री वाळूत उतरली. तिच्यामागं महांतेश.

ठसे वाळूच्या मधोमध सुरू होत होते. पलीकडून आलेले नव्हते. पलीकडं वाऱ्यानं उठलेल्या बारीक लाटा तशाच होत्या, पाखराचाही पाय पडलेला नव्हता. मधल्या एका जागेवरून कुणीतरी निघालं होतं, शाळेकडं गेलं होतं, आणि परत येऊन त्याच जागेवर संपलं होतं.

मागच्याच आठवड्यात तिनं कंधारच्या स्टँडजवळ डाव्या चपलेला टाचेचं नवं रबर लावून घेतलं होतं. मोच्याजवळ पूर्ण माप नव्हतं म्हणून त्यानं तुकडा जोडून काम भागवलं होतं. तिनं डावा पाय ठशाशेजारी टेकवला आणि उचलला. जोड तिथंही होता. इथंही होता.

"मॅडम," महांतेश म्हणाला. "ऐकू येऊलालंय का?"

आधी तिला वाटलं, वारा असेल. पण पळसाचं एक फूलही हलत नव्हतं. आवाज वरच्या अंगानं येत होता, डोंगराच्या वळणामागून. जात्याच्या घरघरीसारखा, खोल. मग त्यात खळखळ मिसळली, मग दगड दगडावर आपटल्यासारखं काहीतरी. पावलांखालची वाळू थंड पडत चालली होती.

"वर चला," ती म्हणाली. "महांतेश... वर चला..."

महांतेशनं तिचा दंड धरला आणि दोघं धडपडत काठावर आली. मागं वळून पाहिलं तर ओढा होता तसाच. कोरडा, पांढरा, उन्हात झगझगणारा. आवाज थांबला होता.

"काय झालं?" वैजनाथ सरांनी विचारलं. "का पळालात?"

"तुम्हाला आवाज आला नाही?"

"कशाचा आवाज मॅडम?"

परतीच्या वाटेवर बहाद्दरपुऱ्याजवळ महांतेशनं गाडी थांबवून चहा आणला. कप त्यानं तिच्या हातात दिला. "घरी सांगणार न्हाई मी," तो म्हणाला. "तुम्ही बी सांगू नका."

ऑफिसात संगणकावर बसणारा रुद्रेश अजून होता. तिनं खुर्चीत बसता बसता, सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळच्या बैठकीत मी होते ना रे?"

रुद्रेश हसला. "होतात की मॅडम. का?"

"काही नाही."

"पण तुमचा व्हिडिओ अडकला होता. पार सुरुवातीपासून. चेहरा दिसत होता, पण हलतच नव्हता. साहेबांनी दोनदा नाव घेतलं तुमचं. मी दार वाजवलं, तर आतून कडी होती. म्हटलं नेटवर्कचा प्रॉब्लेम असंल."

ती आठवायला लागली. आधार जोडणी, तांदूळ, पुन्हा आधार जोडणी. त्याच्या मधलं काय? साहेबांनी नाव घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. दार वाजल्याचंही नाही. कडी लावल्याचं तर मुळीच नाही. डोकेदुखीची गोळी आहे ना, हे पाहिलं होतं, एवढं स्पष्ट आठवत होतं, आणि त्याआधी एक लांबलचक कोरी जागा होती.

त्या रात्री ती लवकर झोपली आणि चक्क झोप लागली. सकाळी उठून तिनं अभिप्राय लिहिला. धोंडमाळची शाळा आहे तिथंच राहू द्यावी. वाटेत ओढा आहे, पावसाळ्यात लहान मुलांच्या जिवाला धोका आहे. एवढंच लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं. वरिष्ठांनी फोन केला. "बिरादार मॅडम, अहो, कोरडा ओढा आहे तो. फोटो आहेत माझ्याकडे."

"सर, मी त्यात उभी राहून आलेय," ती म्हणाली.

बरीच ओढाताण झाली, खुलासे द्यावे लागले, पण शेवटी शाळा राहिली. ऑगस्टमध्ये डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. वैजनाथ सरांनी फोन करून सांगितलं की शाळा भरायच्या वेळेलाच ओढ्याला असं पाणी आलं की धोंडेसुद्धा वाहून गेले. जांभळगावचा एक बैल गेला. पोरं इकडं वर्गात होती, पाढे म्हणत होती. शेवटी सर म्हणाले, "तुम्ही म्हणलाच होतात मॅडम, ओढ्याला पाणी हाय म्हणून."

ते 'तुम्ही' तिनं तसंच राहू दिलं. काही का असेना, ज्यासाठी ते आलं होतं ते काम झालं, असं तिनं मनाशी धरलं. आई असेल, असंही एकदा वाटून गेलं आणि त्या विचारानं तिला बरं वाटलं. घरात तिखट खाणारी आईच होती.

दिवाळीच्या तोंडावर, एका लख्ख दुपारी, ती महांतेशबरोबर दौऱ्यावर होती. सोयाबीन निघून गेलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रिकामी रानं, आभाळ निळंभोर, पाण्याचा टिपूसही कुठं दिसत नव्हता. फोन वाजला. वैजनाथ सर होते.

"मॅडम, पोचलात का नीट?"

"कुठून?"

"आत्ता आला होतात की... मॅडम, मला आज बरं वाटलं न्हाई तुमचं. म्हणून फोन केला."

"काय झालं? सांगा सर."

"आज तुम्ही पोरांशी काही बोललाच न्हाईत. पोरं गाणं म्हणाली, तर तुम्ही त्यांच्याकडं नुसतं बघत राहिलात. तनुजाला वळखलं न्हाई. मला बी वळखलं न्हाई." सरांचा आवाज अगदी खाली आला. "मला विचारलात, हे गाव कोणतं? मी सांगितलं. थोड्या वेळानं परत तेच विचारलात... अन् आज महांतेशभाऊ बी होते तुमच्यासंगं. तेबी पायीच. ते पडवीत उभे राहिले, बाहेर बघत. पारूबाईंनी पाणी दिलं तर तांब्या हातात धरून उभे. प्यायचं कसं, हेच आठवत नसल्यावाणी..."

"आता कुठं आहेत ते?"

"कोण मॅडम?"

"ते... आम्ही. आम्ही कुठं गेलो?"

"तेच तर. ओढ्याकडं न्हाई गेलात आज. गाडीरस्त्यानं गेलात. तुमच्याकडंच."

फोन कापला गेला की तिनंच ठेवला, तिला कळलं नाही. गाडीचा वेग कमी होत होता. महांतेशनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हळूच थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. इंजिन चालूच होतं. रस्ता सरळ गेलेला होता, पुढंही आणि मागंही, आणि त्यावर कुणी नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला. कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखा, अगदी हळू. "रागावू नका... पण आपण कुठं चाललो होतो?"

हे काय विचारतोस, असं म्हणून सांगायला तिनं तोंड उघडलं. आणि कुठं निघालो होतो, ते तिलाही आठवेना.